क्षेत्र कोणाचे?

शहर सोडून खेड्यात जावे, दोन-तीन एकर जमीन विकत घ्यावी आणि उरलेले आयुष्य तेथे शांतपणे घालवावे, हा विचार ज्याच्या मनात कधीच आला नाही असा सुशिक्षित नगरवासी आज विरळाच सापडेल. बहुतेकांच्या बाबतीत तो सुट्टीबरोबर येतो आणि सुट्टीबरोबर जातो. काहींच्या मनात तो वर्षानुवर्षे मुरतो. थोडे लोक तो प्रत्यक्षात आणतात. प्रस्तुत लेखकाच्या मनात तो सात वर्षे घर करून होता. गेल्या वर्षी तो कृतीत उतरण्याची वेळ आली, तेव्हा ज्याला आपण केवळ व्यवहाराचा प्रश्न समजत होतो तो मुळात धर्माचा प्रश्न आहे, असे ध्यानात आले. त्या प्रश्नाचा गीतेच्या आधारे विचार करावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

माझा व्यवसाय भाषांतराचा. पाठशाळेत जे काही शिकलो त्याच्या बळावर गेली अनेक वर्षे दिल्लीत राहून संस्कृत व हिंदी ग्रंथ मराठीत आणण्याचे काम करतो. रोजचा जाण्यायेण्याचा रस्ता म्हणजे कोपर्निकस मार्ग. मंडी हाऊसच्या चौकातून इंडिया गेटकडे जाणारा हा मार्ग मराठी माणसाच्या ओळखीचा आहे, कारण जुने महाराष्ट्र सदन याच मार्गावर आहे. २०१३ साली कस्तुरबा गांधी मार्गावर नवे सदन उभे राहिले, तरी जुन्या मंडळींचे पाय अजून जुन्याकडेच वळतात. चौकाशेजारीच रवींद्र भवन आणि त्यातील साहित्य अकादमीचे ग्रंथालय. माझ्यासारख्याला यापरते अधिक काय हवे? परंतु दरवर्षी कार्तिक लागला की राजधानीची हवा धुराने जड होते, घरातील लहान मूल रात्रभर खोकत राहते, आणि मग उशापाशी बसलेल्या बापाला कृष्णाकाठचे आपले मूळ गाव आठवू लागते. माझ्या विचाराचा उगम इतका साधा होता. शास्त्राचा आधार मी त्याला मागाहून जोडला.

तो आधार कोणता, हे प्रथम पाहू. तेराव्या अध्यायात भगवंतांनी ज्ञानाची लक्षणे सांगितली आहेत. त्यांत विविक्तदेशसेवित्व, म्हणजे एकांत स्थळी राहण्याची वृत्ती, आणि जनसमुदायाविषयी अरती, ही दोन्ही आली आहेत. सहाव्या अध्यायात योग्याने आपले आसन शुद्ध स्थळी मांडावे असे सांगितले आहे. अठराव्या अध्यायात कृषी हे कर्म स्वभावज कर्मांत गणले आहे. याला देहाचा अनुभवही साक्षी आहे. आपल्याच काळात व्यंकट अय्यर यांनी मुंबईची संगणकक्षेत्रातील नोकरी सोडून डहाणूजवळच्या पेठ या गावी शेती केली आणि त्या अनुभवावर लिहिलेला त्यांचा ग्रंथ २०१८ साली प्रसिद्ध झाला. तेव्हा ही गोष्ट अशक्य कोटीतली आहे असेही म्हणता येत नाही. येथवर पूर्वपक्ष झाला. तो मला इतका पटला होता की मी त्याला उत्तर शोधण्याच्या भानगडीत पडलोच नाही. उत्तर आपणहून चालत आले, आणि तेही जमिनीच्या उताऱ्याच्या रूपाने.

सातारा जिल्ह्यातील आमच्या गावी माझ्या आजोबांच्या नावावर चार एकर जमीन होती. ती ते स्वतः कसत नसत, कुळाकडे असे. १९४८ च्या कुळकायद्यात पुढे जी दुरुस्ती झाली, तिच्यानुसार १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन ठरला आणि कसणारे कूळ त्या दिवसापासून जमिनीचे मालक मानले गेले. आमची चार एकरे त्या ओघात गेली. आजोबांचे नाव उताऱ्यावर कंसात पडले. ज्यांनी गावचा उतारा पाहिला आहे त्यांना हा कंस ठाऊक आहे. जाणाऱ्याचे नाव खोडत नाहीत, त्याला कंस करतात आणि येणाऱ्याचे नाव खाली लिहितात. आजोबांना याचे दुःख झाले नाही असे म्हणणे खोटे होईल. परंतु मी लहान असताना ते एवढेच म्हणत, ‘ज्याने नांगर धरला त्याच्याकडे गेली. वाईट ठिकाणी गेली नाही.’

त्याच कुळाच्या नातवाचा गेल्या वर्षी मला दूरध्वनी आला. तो पुण्याजवळ चाकणला कारखान्यात नोकरी करतो. त्याला शहरात घर घ्यावयाचे असल्यामुळे दोन एकर विकायची होती. ‘जमीन मूळची तुमचीच. परक्याला देण्यापेक्षा तुम्हीच घ्या,’ असे तो म्हणाला. सात वर्षांच्या इच्छेला याहून शुभ शकुन कोणता हवा? परंतु पहिली अडचण कायद्याची निघाली. महाराष्ट्रात जो शेतकरी नाही त्याला शेतजमीन विकत घेता येत नाही. कुळकायद्याच्या ६३ व्या कलमान्वये त्याला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. आजोबांची जमीन गेल्यापासून आमच्या घरात कोणाच्याही नावे उतारा नाही. तेव्हा शेतीची आस असलेला मी कायद्याच्या दृष्टीने शेतकरी नव्हतो, आणि शेत विकून शहरात राहू इच्छिणारा तो मात्र शेतकरी होता.

मध्यस्थाने यावर सोपा उपाय सांगितला. एखाद्या नातेवाइकाच्या उताऱ्यावर वारस म्हणून माझे नाव चढवावे, त्या बळावर शेतकरी असल्याचा दाखला काढावा, आणि खरेदी उरकावी. ‘सगळे असेच करतात,’ हे त्याचे अंतिम प्रमाण होते. त्या रात्री तेरावा अध्याय पुन्हा उघडला. परंपरेने त्यातील ज्ञानलक्षणे वीस मोजली जातात. विविक्तदेशसेवित्व हे त्यांतले सतरावे आहे. आर्जव, म्हणजे सरळपणा, हे पाचवे. एकांताच्या लोभाने मी सतरावे लक्षण हस्तगत करू पाहत होतो आणि त्यासाठी पाचवे विकायला काढत होतो. ज्या शांत जीवनाचा आरंभच खोट्या वारसनोंदीने व्हायचा, ते शांत कसे राहणार? शिवाय त्या कायद्याचा हेतू पाहिला तर तो धर्म्यच आहे. ज्याच्या गाठी पैसा आहे त्याने केवळ पैशाच्या जोरावर कसणाऱ्याची जमीन उचलू नये, म्हणून ते कुंपण घातले आहे. त्या कुंपणाची पहिली फट माझ्यासारख्या गीता सांगणाऱ्याने शोधावी, हे शोभण्यासारखे नव्हते.

येथे उताऱ्याविषयी थोडे अधिक लिहितो, कारण मला जो काही बोध झाला तो त्यातूनच झाला. ज्याला आपण सातबारा म्हणतो ते दोन वेगळे नमुने आहेत. गाव नमुना सात हे अधिकार अभिलेख पत्रक, म्हणजे जमिनीवर हक्क कोणाचा याची नोंद. गाव नमुना बारा ही पिकांची नोंदवही, म्हणजे त्या वर्षी त्या जमिनीत काय पेरले याची नोंद. सातात मालक असतो, बारात काम असते. भाषांतरकाराला ‘अधिकार’ या शब्दापाशी थांबावेच लागते. महसुलाच्या भाषेत अधिकार म्हणजे स्वामित्व. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात हाच शब्द कर्माला जोडलेला आहे, आणि फळाचा अधिकार तेथे स्पष्टपणे नाकारला आहे. गीतेच्या कोष्टकात, असे म्हणा ना, सातावा नमुना कोराच आहे. मनुष्याची नोंद व्हायची ती बाराव्यात.

दिल्लीच्या दक्षिणेस मेहरौली-छत्तरपूरकडे गेलेल्या वाचकांनी तेथील ‘फार्महाउसे’ पाहिली असतील. उंच भिंती, हिरवळ, आणि फाटकावर पहारेकरी. तेथे हक्काची नोंद भरगच्च असते, पण पीक शोधावे लागते. पहारेकरी बोलता बोलता सांगतो की गावी त्याच्या बापाची चार बिघे जमीन आहे आणि तीवर तिघे भाऊ पुरत नाहीत. मला त्या भिंती पाहून पूर्वी राग येत असे. उतारा हाती आल्यावर ध्यानात आले की माझ्या मनातील दोन एकरांभोवतीही तशीच भिंत मी आधीच बांधून ठेवली आहे, फक्त ती कमी उंचीची आहे. आपण ज्याला ‘छोटेसे शेत’ म्हणतो ते केवढे असते? २०१५-१६ च्या कृषिगणनेप्रमाणे भारतातील शेतकऱ्याची सरासरी धारणा १.०८ हेक्टर, म्हणजे सुमारे पावणेतीन एकर. ज्या तुकड्यावर एका घराचा सारा संसार उभा असतो, तेवढ्यालाच आपण मनःशांतीचे साधन म्हणून पाहतो.

क्षेत्र कोणाचे, हा वाद ज्ञानदेवांनी तेराव्या अध्यायाच्या आरंभी मोठ्या रसाळपणे मांडला आहे. देह हे शेत. ते जीवाचे, असे एक पक्ष म्हणतो. प्राण हे त्याचे कूळ आणि मन हा कुळवाडीवर देखरेख करणारा, असे रूपक तेथे येते. लगेच दुसरा पक्ष उठतो आणि ते शेत प्रकृतीचे असल्याचा दावा सांगतो. असे वादी येत जातात. सातशे वर्षांपूर्वीच्या त्या ओव्यांत गावच्या चावडीवरचा तंटा ऐकू येतो. परंतु गीतेने या सर्वांत जो शब्द निवडला तो क्षेत्रपती असा नाही, क्षेत्रज्ञ असा आहे. ज्ञ, म्हणजे जाणणारा. शेताचा मालक कोण, हा प्रश्न तहसीलदाराने सोडवावा. शेताला जाणतो कोण, हा प्रश्न ज्याचा त्यालाच सोडवावा लागतो.

ज्याच्या नावाच्या रस्त्यावरून मी रोज जातो त्या कोपर्निकसाचीही मला येथे आठवण झाली. पृथ्वी विश्वाच्या मध्यभागी नाही, ती सूर्याभोवती फिरते, असे प्रतिपादन करणारा त्याचा ग्रंथ १५४३ साली प्रसिद्ध झाला, हे सर्वांना माहीत आहे. परंतु १५१६ पासून काही वर्षे पोलंडकडील वार्मिया प्रांतात धर्मपीठाच्या जमिनींचा कारभार त्याच्याकडे होता, हे फार थोड्यांना माहीत असते. ओस पडलेल्या शेतांवर नव्या कुळांची वसाहत करणे हे त्याचे काम होते. गावोगाव फिरून कोणते शेत कोणी सोडले, ते कोणी घेतले, नव्या कुळापाशी गुरे किती, अशा नोंदी त्याने स्वतःच्या हाताने केल्या आणि ती नोंदवही आजही उपलब्ध आहे. आकाशाचा हिशेब करणाऱ्याने जमिनीच्या प्रत्येक तुकड्याशी दोन नावे जोडली, जाणाऱ्याचे आणि येणाऱ्याचे. माझ्या विचारात इतकी वर्षे एकच नाव होते, माझे. त्या शेतातून जे नाव जाणार त्याचा मी विचारच केला नव्हता. विश्वाचे मध्य आपण नव्हे, हे खगोलात मान्य करणे सोपे आहे.

जाणारे ते नाव एका म्हाताऱ्या बाईचे होते. विकणाऱ्याची आई गावीच राहते आणि उताऱ्यावर मुलाबरोबर तिचेही नाव आहे. मी तिला भेटावयास गेलो. ती बांधावर बसली होती. माझ्या वडिलांना तिने पाहिले होते, म्हणून आदराने बोलली. मी माझा सारा बेत सांगितला. हवा, पाणी, मुलीची प्रकृती, शांतता. तिने ऐकून घेतले आणि विचारले, ‘समदं खरं, पर रातच्याला लाइट आल्यावर दारं कोन धरनार?’

वाचकांपैकी ज्यांना शेती ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. शेतीच्या पंपाला वीज कधी दिवसा येते, कधी रात्री. ती रात्री आली की त्या वेळी उठून मोटार चालू करावी लागते, आणि पाटाचे पाणी एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात वळवत अंधारात उभे राहावे लागते. त्याला दारे धरणे म्हणतात. मी म्हणालो, एखादा गडी ठेवीन. ती म्हणाली, ‘मंग तुमी मालक झाला. मालक तर तुमचं आजं बी हुतं.’

या एका वाक्यात कायद्याचा सारा इतिहास आणि गीतेचे सारे तत्त्व आले होते. गड्याकडून शेती करवून घेणे कायद्याला मान्य आहे. जातीने देखरेख करून मजुराकडून केलेली लागवडदेखील ‘स्वतः कसणे’ या व्याख्येत बसते. परंतु त्या बाईच्या व्याख्येत ती बसत नव्हती. मी परत आलो आणि घरी जाहीर केले की हा बेत सोडला. मी पंडित, माझा स्वधर्म ग्रंथाचा, शेती हा परधर्म, असे गीतेचेच प्रमाण दिले.

यावर माझ्या पत्नीने जे उत्तर दिले ते मी येथे प्रामाणिकपणे नोंदवतो. ती म्हणाली, ‘अठराव्या अध्यायात कायाक्लेशाच्या भयाने केलेला त्याग राजस म्हटला आहे, हे तुम्हीच मला शिकवलेत. शहर सोडायचे होते ते धुराच्या क्लेशाने. आता शेत सोडता ते रात्रीच्या थंडीच्या क्लेशाने. मुलीचा खोकला तर तसाच आहे.’ मला उत्तर सुचले नाही. ज्या श्लोकाने मी दुसऱ्यांचे स्थलांतर तपासत होतो, तोच माझ्या घरी बसण्यालाही लागू होता. क्लेशापासून पळणे हाच हेतू असेल तर जाणे आणि राहणे दोन्ही सारखीच. आणि स्वभाव कोणता, हे जन्मावरून किंवा दाखल्यावरून ठरवण्यापेक्षा काम करून पाहणे हा अधिक सरळ मार्ग होता.

म्हणून माघ महिन्यात पंधरा दिवसांची रजा घेऊन मी त्याच शेतावर गेलो. मालक म्हणून नव्हे, त्या बाईच्या हाताखाली. गव्हाला पाणी द्यायचे होते. पहिल्याच रात्री माझ्या हातून दारे नीट बांधले गेले नाही. पाणी फुटून शेजाऱ्याच्या हरभऱ्यात शिरले. म्हातारी खोरे घेऊन धावत आली आणि तिने चार ढिगांत पाट अडवला. हरभऱ्याला फाजील पाणी सोसत नाही. चार दिवसांत त्या कोपऱ्यातील झाडे पिवळी पडली. शेजारी मला एक शब्दही बोलला नाही. मी भरपाई देऊ केली, ती त्याने घेतली नाही. ज्ञानलक्षणांत अहिंसेचे स्थान तिसरे आहे. अज्ञान हेही हिंसेचे साधन होऊ शकते, आणि शेतात आपल्या अज्ञानाचा दंड दुसऱ्याच्या पिकाला भरावा लागतो, हे मला कोणत्याही भाष्यात इतके स्पष्ट वाचावयास मिळाले नव्हते. पुढच्या रात्री मी तेथे पुन्हा उभा राहिलो. दहाव्या रात्री म्हातारी झोपून राहिली. तिचे ते झोपणे मला मिळालेल्या कोणत्याही प्रशस्तिपत्रापेक्षा मोलाचे वाटले.

या पंधरवड्यात मला विनोबांचे उदाहरण वारंवार आठवत होते. १९३८ साली प्रकृती अत्यंत क्षीण झालेली असता ते पवनारला धाम नदीच्या काठी जमनालालजी बजाज यांच्या बंगल्यात येऊन राहिले. तेथे त्यांनी रोज थोडे थोडे खणण्यास आरंभ केला आणि त्या श्रमाने त्यांची प्रकृती सुधारली. म्हणजे आरोग्यासाठी जमिनीकडे जाणे यात दोष नाही. पुढे १९५० मध्ये त्यांनी पैशावाचून जगण्याचा, कांचनमुक्तीचा प्रयोग तेथेच केला, बैलांवाचून स्वहस्ते शेती केली. परंतु १९५१ च्या एप्रिलमध्ये तेलंगणातील पोचमपल्लीस भूमिहीनांची मागणी कानी पडताच ते त्या कामात असे गुंतले की पुढची वर्षे दुसऱ्यांसाठी जमीन मागत पायी फिरण्यात गेली. त्याच वर्षी नोव्हेंबरात ते पायीच दिल्लीस आले आणि राजघाटावर उतरले. ज्याने मातीत इतके श्रम केले त्याने स्वतःच्या नावे तुकडा केला नाही. गीताईच्या कर्त्याने गीतेचे भाषांतर दोनदा केले, असे मला वाटते. एकदा शब्दांत आणि एकदा जमिनीत.

तथापि एक अडचण उरली होती, आणि ती टाळून पुढे जाणे योग्य होणार नाही. मी जमीन घेतली नाही म्हणून ती वाचत नाही. मुलाला पैशांची गरज होती; मी नाही म्हटले असते तर गुंठ्या-गुंठ्याने भूखंड पाडून विकणारा दुसरा कोणी आला असता. आपले हात स्वच्छ ठेवून परिणाम दुसऱ्यावर सोडणे याला अनासक्ती म्हणत नाहीत. म्हणून आम्ही उभयतांनी विचार करून असे ठरविले. जमिनीसाठी जी रक्कम साठवली होती तिच्यातील काही भाग त्या मुलास त्याच्या घरासाठी बिनव्याजी उसना दिला. आई आहे तोवर जमीन विकायची नाही, असे त्याने आपणहून कबूल केले. येत्या ज्येष्ठात आम्ही गावात दोन खोल्या भाड्याने घेऊन राहण्यास जाणार आहोत. भाषांतराला मेज आणि दिवा एवढेच लागते. ते तेथेही होईल. दिवसाचा काही वेळ आणि पाळीच्या रात्री मी त्या शेतात काम करीन. मालकाचा नातू कुळाच्या सुनेच्या शेतात गडी होणार, याचे गावात हसू होईल. होवो.

हे निभावेल की नाही, हे मला आज सांगता येत नाही. मुलीची प्रकृती तेथे सुधारेल असेही ठामपणे म्हणवत नाही. उसनी रक्कम परत येईल अशी आशा आहे, पण त्या आशेवर सारे उभे नाही. म्हातारीच्या पश्चात जमिनीचे काय होईल हाही प्रश्न शिल्लक आहेच. त्या वेळी पुढची नोंद कोणाची व्हावी हे बारा महिने त्या मातीत काम केलेल्यांनी मिळून ठरवावे, आणि त्या वेळी मी सरळ अर्ज करण्यास पात्र असलो तर करावा, एवढेच आज मनाशी आहे.

ज्यांच्या मनात माझ्यासारखाच विचार मुरत असेल अशा वाचकांना सांगण्याजोगे माझ्यापाशी फारसे नाही. जावे की जाऊ नये, याचा निवाडा दुसऱ्याने करण्यासारखा नाही. परंतु खरेदीखतावर सही करण्यापूर्वी तीन प्रश्न स्वतःला विचारून पाहावेत. मी ज्यातून निघालो आहे ते केवळ सोसवत नाही म्हणून निघालो आहे काय? माझे नाव लागताना ज्याच्या नावाला कंस पडणार त्याला मी भेटलो आहे काय? आणि रात्री वीज आल्यावर दारे कोण धरणार?

पहिल्या दोन प्रश्नांवर आपण मनाची समजूत घालू शकतो. तिसऱ्याचे उत्तर मात्र शेतावर उभे राहूनच द्यावे लागते.